साहेबाचा पोरगा, जॉबरचा भाचा आणि आपली एम्प्रेस मिल

मागच्या आठवड्यात ओळखीतला एक तरुण भेटला. हिंगण्याकडच्या एका कंपनीत लागून त्याला दोन वर्षं झालीत. खात्याचा मुख्य त्याचा सख्खा मामा. ऑफिसात "सर" म्हणायचं, घरी "मामा". पोरगा कामाला चांगला आहे, हे त्याच्यासोबतचेच लोक सांगतात. तरी तो चहाच्या टपरीवर आला की बाकीचे विषय बदलतात. पगार वाढला तर "मामानं वाढवला", नाही वाढला तर "मामा लोकांना दाखवायला कडक वागतो". मला म्हणाला, "दादा, मी काहीही केलं तरी ते माझं नसतंच."

यावर सल्ला द्यायला मी काही मोठा शहाणा नाही. पण घरी येताना गांधीसागराजवळून गाडी काढली आणि एम्प्रेस मॉल दिसला, तेव्हा वाटलं की या पोराच्या अडचणीचा निदान दीडशे वर्षांचा इतिहास तर इथंच उभा आहे. म्हणजे उभा होता. आता तिथं पार्किंग आहे. म्हणून हे लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

त्याआधी थोडं जुनं. नात्यातली माणसं आणि एकच पद, याचा नागपुरातला सगळ्यात रक्तरंजित नमुना पाचगावचा. १७७२ मध्ये जानोजी भोसले वारले. सेनासाहेब सुभा हे पद कोणाच्या हातात राहणार यावरून त्यांचे भाऊ मुधोजी आणि साबाजी यांच्यात तीन वर्षं ओढाताण चालली. शेवटी १७७५ मध्ये नागपूरच्या दक्षिणेला पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. भावाविरुद्धच्या लढाईत. ते राज्य होतं, वतनाचा काळ होता. पद म्हणजे घराची मिळकत, आणि मिळकत म्हटली की भाऊबंदकी आलीच. तिथं "हा नात्यातला कसा काय?" असा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. नात्यातला नसता तर विचारला असता.

हा प्रश्न विचारता येईल अशी जागा नागपुरात आली ती गिरणीच्या रूपानं.

जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. भांडवल १५ लाख. मुंबई सोडून नागपूर का, तर कापूस इथला, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि रेल्वे १८६७ मध्येच येऊन पोचलेली. जागा घेतली जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. भरावच एवढा टाकावा लागणार होता की एका मारवाडी सावकारानं पैसे द्यायला नकार दिला. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं तो म्हणाला म्हणे. पुढे गिरणी चालल्यावर त्यानंच कबूल केलं की यानं माती टाकली आणि सोनं काढलं. ही गोष्ट टाटांच्या प्रत्येक चरित्रात सापडते. १ जानेवारी १८७७ ला, दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून एम्प्रेस. सुरुवातीला जवळपास ३० हजार चात्या आणि ४५० माग.

आता मुद्द्याचं. एवढी मोठी गिरणी मुंबईपासून लांब उभी केली, तर तिथं बसवायचं कोणाला? स्वतः जमशेटजी बापाच्या पेढीत शिकून वर आलेले. १८५९ मध्ये विशीच्या पोराला बापानं धंद्यासाठी हाँगकाँगला धाडलं होतं. म्हणजे घरातला माणूस घरच्या कामाला लावणं त्यांना नवं नव्हतं. पण नागपूरच्या गिरणीचा व्यवस्थापक म्हणून त्यांनी निवडले बेझनजी दादाभाई मेहता. टाटांच्या घरातले नव्हेत. जीआयपी रेल्वेच्या मालवाहतुकीतले अधिकारी, गिरणीचा अनुभव शून्य. यंत्रांसाठी लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी. बेझनजी पारशी होते हे खरं, तेव्हा "परका" हा शब्द थोडा सांभाळूनच वापरायला पाहिजे. तरी सख्खा-चुलत नव्हता, आणि सूत कातण्यातला जाणकारही नव्हता. माणसं, माल आणि वेळ सांभाळणारा माणूस हवा होता, तो रेल्वेत सापडला.

आणि इथं मला त्या काळाच्या मानानं शहाणपणाची वाटणारी गोष्ट होते. जमशेटजींचा थोरला मुलगा दोराबजी, जन्म १८५९ चा. केंब्रिजला जाऊन आला, मुंबईत झेवियर्समधून १८८२ मध्ये पदवी घेतली, मग 'बॉम्बे गॅझेट'मध्ये दोन वर्षं पत्रकारी केली. १८८४ मध्ये बापाच्या कापूस विभागात दाखल. आधी त्याला पाँडिचेरीला पाठवलं, तिथं गिरणी परवडेल का ते बघायला. मग नागपूरला, एम्प्रेस मिलमध्ये धंदा शिकायला.

मालकाचा पोरगा पंचविशीत खात्यात येऊन बसतो, म्हटल्यावर तिथल्या कारकुनांना काय वाटलं असेल ते सांगायला कागदपत्र लागत नाही. पण मांडणी बघा. बाप मुंबईत. पोरगा नागपुरात. मध्ये बेझनजी. पोरगा बापाच्या कंपनीत आहे, पण रोज सकाळी बापासमोर उभा नाही. त्याचं काम बघणारा माणूस त्याचा नातलग नाही. आता बेझनजी मालकाच्या मुलाला कितपत झापू शकत असतील? माझ्या अंदाजानं, फारसे नाही. रोजगार टाटांचा. पण थोडं अंतर तरी ठेवलं होतं. आपल्या हिंगण्याच्या पोराला तेवढंही नाही.

१८८७ मध्ये टाटा अँड सन्स पेढी झाली तेव्हा भागीदार तीनच: जमशेटजी, दोराबजी आणि नात्यातलेच रतनजी दादाभाई टाटा. म्हणजे नागपूरची उमेदवारी संपताच पोरगा भागीदार. तेव्हा फार भाबडेपणानं "बघा, किती निःपक्ष" म्हणायला नको. जिना त्याला चढायला लावला, पण वरची खोली आधीच राखून ठेवलेली होती.

दोराबजींची नागपूरशी जोडलेली आणखी एक गोष्ट सांगतो, जरा वाट सोडून. पोलादाच्या कारखान्यासाठी लोखंडाची खनिजं शोधत ते आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड चांदा जिल्हा, म्हणजे आजचा चंद्रपूर, पालथा घालत होते. कारखान्यापुरतं खनिज एका जागी मिळेना. हा शोध आम्ही सोडतो, हे सरकारला सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात आले. भेटायचा साहेब जागेवर नाही. वेळ काढायला समोरच्या म्युझियममध्ये, आपल्या अजब बंगल्यात, शिरले. तिथं भूशास्त्र खात्याच्या नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची ठळक खूण दिसली. तिथून शोध पुन्हा सुरू झाला. शेवटी कारखाना दुसरीकडंच, साकचीला, म्हणजे जमशेदपूरला झाला, आणि दुर्गकडचं डल्ली-राजहराचं लोखंड पुढे भिलाईच्या कामी आलं, तो भाग वेगळा. १९०४ च्या मे महिन्यात जमशेटजी जर्मनीत वारले. त्यानंतर दोराबजींनी जे केलं त्याला "बापानं दिलं" म्हणणं कठीण झालं. बाप असेपर्यंत मात्र ते कोणालाही सिद्ध करता आलं नसतं, खुद्द दोराबजींनासुद्धा.

पण एम्प्रेस मिलमधलं खरं "त्याच खात्यात, घरच्याच्या हाताखाली" हे टाटांचं नव्हे, मेहतांचं. बेझनजींचे चिरंजीव सोराबजी बेझनजी मेहता हेही याच गिरणीचे व्यवस्थापक झाले. बाप व्यवस्थापक, मग पोरगा व्यवस्थापक. टाटांचं निदान भांडवल होतं. बेझनजी तर पगारी माणूस. पगारी माणसाची खुर्ची पोराकडे जाते तेव्हा ते वतनाच्या जास्त जवळ जातं, असं माझं मत आहे.

आता कोणी म्हणेल, गिरणी तर उत्तम चालली ना? चालली, आणि नुसती चालली नाही. रिंग फ्रेमचा वापर इथं लवकर सुरू झाला, लँकेशायरवाले अजून शंका घेत होते तेव्हा. कामगार सारखे गैरहजर राहायचे, पाचातला एक रोज कामावर नाही अशी अवस्था होती, तर दंड वाढवण्याऐवजी त्यांना धरून ठेवायच्या योजना काढल्या. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी. १८९५ मध्ये अपघात झाल्यास भरपाई. आपल्या देशात अपघात भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ मध्ये, तेव्हा काळ लक्षात घ्या. एका गिरणीच्या पाच गिरण्या झाल्या. बेझनजी नालायक असते तर हे झालं नसतं. म्हणून नात्यातला माणूस आला की काम बुडतंच, असं हा इतिहास म्हणत नाही. फक्त सोराबजी चांगले होते की फक्त बेझनजींचे होते, हे त्यांच्या हाताखालच्या माणसाला मोकळेपणानं बोलता येत होतं का, हा प्रश्न उरतो.

वरच्या मजल्याचं एवढं पुरे. खाली उतरू या, जिथं हजारो माणसं होती.

गिरणीत डिपार्टमेंटला "खातं" म्हणायचे. त्या खात्यात तुमचा साहेब बेझनजी नव्हता, ब्रुक्सबी तर नव्हताच. तुमचा साहेब जॉबर. मुकादम म्हणा. मुंबई असो, सोलापूर असो की नागपूर, त्या काळच्या गिरण्या या माणसावर चालायच्या. भरती त्याची. नव्या माणसाला काम शिकवणं त्याचं. मशीन बिघडलं तर तो बघणार. रजा त्याला विचारून. सणाला उसनं त्याच्याकडून. कुठं कुठं राहायची खोलीसुद्धा त्याच्या शब्दावर. आणि माणूस लागला की जॉबर कोणाला आणणार? गावाकडच्या भाच्याला, मेहुण्याला, जातभाईला. यात त्याचाही हिशेब होता. ओळखीचा पोरगा पळून जात नाही, उलटून बोलत नाही, आणि घसरला तर त्याच्या बापाला सांगता येतं.

मालकांना हे सोयीचं होतं. साहेबाला तेलुगू, मराठी, छत्तीसगढी कुठं कळते? त्यानं एका जॉबरला सांगायचं, जॉबरनं तीस माणसं उभी करायची.

आणि आलेल्या पोरालाही सोयीचं होतं, हे विसरू नका. नागपुरातल्या विणकराचं आधीचं खातं म्हणजे घरच. बाप मागावर, बायको कांड्या भरणार, पोरं हाताशी. साहेब कोण? बाप. पगार? पोराला पगार नावाची वस्तूच नाही, दोन वेळचं जेवण. कोष्टी घरांत असंच, जाडंभरडं विणणाऱ्या महार घरांत असंच. गिरणीत पहिल्यांदा पोराच्या नावानं वेगळा पैसा पडला. बापाच्या हाताखालून सुटला. फक्त सुटून आला तो जॉबर मामाच्या हाताखाली. भोंगा नवा, यंत्र नवं, पण हजेरी मांडणारा पुन्हा घरातलाच.

याची किंमत कोणी मोजली? खात्याबाहेर राहिलेल्यांनी. इथं मुंबईचं उदाहरण घ्यावं लागतं, कारण तिथं ते उघडउघड मांडलं गेलं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना कातणी खात्यात काम मिळे, विणाई खात्यात प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातलं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि सवर्ण विणकर म्हणत, यानं तोंड लावलेला धोटा आम्ही कसा लावू? विणाईत पैसा जास्त होता, हे इथं सांगितलं पाहिजे. १९२८-२९ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला: कामगारांची एकी म्हणता, मग विणाई खात्याचं दार आमच्या माणसांना उघडा. बरं, मालकांनी नियम करून ते दार लावलं होतं असंही नाही. नियमाची गरजच नव्हती. ज्या खात्यात भरती मामा करतो तिथं भाचाच येणार, आणि भाचा जातीतलाच असणार. कोणी कोणाला हाकललं नाही. फक्त बोलावलं नाही.

हे वाक्य लिहिताना मीच थांबलो. आपल्या किती ऑफिसांत आजही असंच आहे!

१९२९ मध्ये सरकारनं जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांविषयीचा शाही आयोग नेमला. त्याचा अहवाल १९३१ चा. त्यात जॉबरवर बरंच आहे. नोकरी लावायची दस्तुरी, नोकरी टिकवायची दस्तुरी, रजेवरून परत यायची दस्तुरी. आयोगानं सुचवलं की भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढा, लेबर ऑफिसर नेमा, आणि तो खात्याच्या साहेबांखाली न ठेवता थेट वरच्या व्यवस्थापकाला जबाबदार ठेवा. मला या अहवालातली ही सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. भाच्याला काढा, असं आयोग म्हणाला नाही. भाच्याला घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार मामाकडून काढा, असं म्हणाला.

टाटांच्या नात्यातल्याच एका माणसाची आठवण इथं यायलाच पाहिजे. शापुरजी सकलातवाला, जमशेटजींचे भाचे, जन्म १८७४. लोखंडाच्या शोधात हेही जंगलं तुडवत होते. १९०५ मध्ये इंग्लंडला गेले, तिथं टाटांच्याच कचेरीत काम करत राहिले, आणि १९२२ मध्ये बॅटरसीमधून पार्लमेंटवर निवडून गेले. कम्युनिस्ट! मामाच्या घराण्याच्या पगारावर राहून भांडवलशाहीविरुद्ध भाषणं. १९२५ मध्ये ती नोकरी सुटली. नात्यातला माणूस नेहमी होयबाच असतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी सकलातवालांचं चरित्र वाचावं. पण अशा भाच्याला खात्यात किती दिवस ठेवणार, हाही भाग आहेच.

स्वातंत्र्यानंतर कायदे आले. १९५६ च्या कंपनी कायद्यात कलम ३१४ होतं: संचालकाच्या नातलगाला कंपनीत ठराविक पगारावरची जागा द्यायची तर भागधारकांचा विशेष ठराव लागे. २०१३ च्या कायद्यात ते कलम १८८ मध्ये आलं. केंद्र सरकारी नोकरांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत नियम ४ आहे: आपलं वजन वापरून घरच्या माणसाला कंपनीत चिकटवायचं नाही. सगळं बरोबर. पण नीट वाचा, हे सगळं दारापाशीच थांबतं. आत कसं आणायचं, कोणाची परवानगी घ्यायची, एवढंच. आत आल्यावर त्याची रजा कोणी मंजूर करायची, त्याचा गोपनीय अहवाल कोणी लिहायचा, चुकला तर कोणी विचारायचं, याला कंपनीनं स्वतःच नियम केला तर आहे, नाही तर नाही. आणि ही कलमं संचालकांसाठी. खात्याचा मुख्य संचालक नसतो. आपल्या पोराचा मामा यातल्या एकाही कलमात बसत नाही.

उलट बाजूही सांगतो, नाही तर कॉमेंटमध्ये कोणी तरी सांगेलच. घरच्याच्या जागी घरचाच, हे आपल्याकडं खालच्या पायरीवर सरकारनंच मान्य केलेलं आहे. सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नोकरी मिळते, नागपूर महापालिकेतही. आईच्या जागी मुलगा, सासूच्या जागी सून. याला मी वशिला म्हणणार नाही. ज्या कामाला दुसरं कोणी येत नव्हतं, ज्यात माणसं गटारात मेली, तिथं घराला आधार म्हणून ते आलं. पण तोच नियम झाडू त्याच घरात ठेवतो, हेही तितकंच खरं. एकाच्या घरात खुर्ची राहते, दुसऱ्याच्या घरात झाडू.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये बंद पडून राज्य सरकारकडं आली, महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळानं चालवली, आणि २००२ मध्ये कायमची थांबली. सोराबजींची खुर्ची कुठं गेली कोण जाणे.

त्या पोराला मी एवढंच विचारलं, "तुझा रजेचा अर्ज कोणाकडं जातो?"

"मामाकडं. म्हणजे सरांकडं."

"आणि वर्षाचा रिपोर्ट?"

"तोही."

म्हटलं, तुझ्या मामाला सांग, एक अर्ज त्यांनीच वर द्यावा, की याचा रिपोर्ट दुसऱ्या खात्याच्या साहेबानं लिहावा. नाही तर बदली माग. तो हसला. म्हणाला, "बदलीचा अर्ज देऊन तीन महिने झाले दादा. मामाच्याच टेबलावर आहे."